जिन्याखालचं गवत

मे महिन्यात बिरसीत माणूस आवाजानं जागा होत नाही, कूलरचा आवाज थांबला की जागा होतो. पारा ४४-४५ला टेकलेला, भिंती मध्यरात्रीही तव्यासारख्या तापलेल्या. अशात कूलरची घरघर हीच अंगाई. ती थांबली की दोन मिनिटांत उशी भिजते आणि अख्खी इमारत डोळे उघडते. काही वर्षांपूर्वी एका रात्री अडीचच्या सुमाराला नऊ बिऱ्हाडांचे नऊ कूलर एकदमच थांबले. ‘लाइन गेली’ म्हणून प्रस्तुत लेखकानं कूस बदलली. मग नाकात वास शिरला. जळक्या रबराचा.

(इथं ‘मी’ न लिहिता ‘प्रस्तुत लेखक’ लिहायचं कारण साधं आहे. पुढच्या हकिगतीत या गृहस्थाची वागणूक फारशी सांगण्यासारखी नाही. त्याच्याकडे जरा लांबूनच पाहिलेलं बरं.)

बिरसी हे गोंदियापासून बाराएक किलोमीटरवरचं गाव. १९४० मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. आज त्याच धावपट्टीवर तरुण पोरं-पोरी विमान चालवायला शिकतात आणि २०२२च्या मार्चपासून प्रवासी विमानंही सुरू झाली. विमानतळ वाढला तशा आजूबाजूला भाड्याच्या खोल्या वाढल्या. लेखकाची इमारत त्यांतलीच एक. तळमजला आणि वर दोन मजले, मजल्यावर तीन बिऱ्हाडं, वर-खाली करायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी चॅनेल गेट. राहणारे कोण? दोन शिक्षक, राईस मिलचा मुनीम, मेस चालवणाऱ्या काकू, विमानांच्या हँगरमध्ये काम करणारा एक मेकॅनिक आणि असेच आणखी काही. मालक शहरात राहायचे. भाडं न्यायला महिन्यातून एकदा यायचे आणि जिन्यावरून वर न जाता खालूनच हाक मारायचे.

जिन्याखाली लाकडी फळीवर नऊ मीटर आणि फळीच्या खाली नऊ घरांची अडगळ. चाक नसलेली सायकल, रंगाचे डबे, धानाची दोन पोती, तुटका पाळणा. लेखकाचं योगदान म्हणजे कूलरचं जुनं गवत. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या जाळीत नवं गवत भरतात तेव्हा गेल्या वर्षीचं, वाळून कडकडीत झालेलं गवत निघतं. ते त्यानं सुतळीनं बांधलं, नव्या मोटरीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं आणि मीटरच्या फळीखाली सरकवलं. खालच्या काकांनी विचारलं तर म्हणाला, “दोनच दिवस. रविवारी टाकून येतो.”

त्याला पाच रविवार उलटले होते.

दार उघडलं तर जिन्यात धूर. विजेरीचा उजेड हातभर अंतरावर अडकून परत येत होता. खाली फळीच्या जागी निळसर चटचट आणि तिच्याखाली पिवळी, चांगली दोन हात उंच ज्वाळा. लेखकानं मोरीतली बादली उचलली आणि पायऱ्या उतरू लागला. आग दिसली की पाणी, एवढंच त्याला माहीत होतं. तिसऱ्या पायरीवर मागून मेकॅनिकनं मनगट धरलं, असं की दोन दिवस वळ राहिला. “पानी नका टाकू जी, भाऊ! करंट हाय अजून!” मीटरच्या पुढची लाइन गेली होती, पण खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार जिवंत होती. पाण्याच्या धारेतून ती बादलीपर्यंत, म्हणजे बादली धरलेल्या हातापर्यंत आली असती.

चॅनेल गेटला आतून कुलूप. किल्ल्या मुळात तीन होत्या. एक हरवली, एक मालकांकडे, तिसरी मुनिमाकडे आणि मुनीम बालाघाटला लग्नाला गेलेला. मग सगळ्यांची धाव वर, गच्चीकडे. गच्चीच्या दारालाही कुलूप, कारण संक्रांतीला पोरं पतंग उडवायला चढली तेव्हा मालकांनी ते घातलं होतं आणि संक्रांत संपल्यावर काढायचं राहून गेलं होतं. शेवटी मेसवाल्या काकूंनी पाट्यावरचा वरवंटा आणला. कुलूप तुटलं नाही, कडीच उखडली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तोवर जिन्यातल्या धुरात बसल्या जागीच पडल्या होत्या. त्यांना दोघांनी हातापायाला धरून वर नेलं.

तळमजल्याच्या घरांना मागची दारं होती. तिथली माणसं बाहेर पडली, शेजारच्या बांधकामाची रेती घमेल्यांनी आणून चॅनेल गेटच्या फटींतून फेकत राहिली. कुणीतरी लाइनमनला उठवलं, त्यानं डीपीवरून लाइन तोडली. गोंदियाहून बंब येईपर्यंत आग रेतीखाली गेली होती. नऊ मीटर वितळले, जिना काळा झाला, आजी दोन दिवस दवाखान्यात राहिल्या. माणूस गेला नाही. या शेवटच्या वाक्याचं श्रेय घ्यावं असं कुणीच काही केलं नव्हतं, रेतीचा ढिगारा योगायोगानं तिथं होता.

सकाळी मेकॅनिकनं तारेचं टोक हातात घेऊन दाखवलं. स्क्रू ढिला, तांबं काळं, वरचं आवरण ओघळून मेणबत्तीसारखं गोठलेलं. त्या उन्हाळ्यात दोन घरांत एसी बसले होते, तार मात्र जुनीच. ढिल्या जोडावरून जास्त करंट गेला की जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो आणि एक दिवस ठिणगी पडते. ती फरशीवर पडली असती तर तिथंच विझली असती. पडली ती गवतावर.

लेखकानं हे पुढं कित्येकांना सांगितलं. ऐकणारे हळहळतात आणि म्हणतात, खेड्यातली इमारत, होणारच. तसं काही नाही. ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे मुंबईत गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या सात मजली पुनर्वसन इमारतीत आग लागली. किमान सात जण गेले. ती भडकली कशी? पार्किंगमध्ये साठवलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांमुळे. मुंबई काय, बिरसी काय, जिन्याखाली किंवा गाड्यांच्या मध्ये, जी जागा कुणाच्याच घरात मोडत नाही तिथं सगळ्यांचं सामान जातं आणि आग नेमकी माणसांच्या बाहेर पडायच्या वाटेवरच पेटते.

गोंदियाला तर मुंबईचं उदाहरण लागूच नये. २१ डिसेंबर २०१६च्या पहाटे शहरातल्याच बिंदल प्लाझा हॉटेलात आग लागली आणि सात जणांचा जीव गेला. शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१च्या रात्री जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बाळं दगावली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ३ एप्रिल २०२४ला खाली शिवणकामाचं दुकान पेटलं आणि वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. एक हॉटेल, एक दवाखाना, एक दुकान-घर. तिन्ही ठिकाणी माणसं झोपलेली होती किंवा स्वतःहून उठून जाऊ शकत नव्हती. झोपलेल्या माणसाला धूर जागं करत नाही, उलट आणखी गाढ झोपवतो. लेखक जागा झाला तो कूलर थांबल्यामुळे. हिवाळा असता तर हा लेख झाला नसता.

म्हणून धुराबद्दल थोडं सविस्तर. एकच जिना असलेली इमारत पेटली की तो जिना धुराडं होतो, गरम धूर वरच धावतो. त्या रात्री बिरसीत सगळे धुरासोबत वर पळाले आणि वर कुलूप निघालं. आज लेखक असं करणार नाही. जिन्यात धूर भरलेला दिसला तर आपलं दार लावून घ्यावं, दाराच्या फटीत ओली चादर कोंबावी, खिडकी किंवा बाल्कनी असलेल्या खोलीत जावं आणि तिथून खालच्यांना दिसेल असं उभं राहावं. साधं लाकडी दारही लावलेलं असलं तर काही मोलाची मिनिटं मिळवून देतं. धुरातून जावंच लागलं तर ओलं फडकं नाकातोंडाशी धरून, गुडघ्यांवर रांगत, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. लिफ्ट कधीही नाही.

हे सगळं २२ ऑगस्ट २०१८ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये दहा वर्षांच्या झेन सदावर्तेनं करून दाखवलं. त्या आगीत चार जण गेले. झेननं मात्र शेजाऱ्यांना लिफ्टकडे जाऊ दिलं नाही, ओली फडकी नाकाला लावायला सांगितली आणि त्यांना तगवलं. शाळेत शिकलेलं तिनं नेमक्या वेळी आठवलं, पुढं तिला राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार मिळाला. लेखक बिरसीच्या आगीच्या वेळी चाळिशीचा होता आणि हातात पाण्याची बादली घेऊन निघाला होता, हे मुद्दाम नोंदवतो.

आता कूलरकडे. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, दर वर्षी. महावितरण दर वर्षी पत्रकं काढतं, वर्तमानपत्रं ती छापतात, आणि दर वर्षी एखादी बाई चालू कूलरमध्ये पाइपानं पाणी भरताना पत्र्याला चिकटते. ओली फरशी, अनवाणी पाय, पत्र्याची टाकी, आत पाण्यात बुडालेला छोटा पंप. एवढं एकत्र आल्यावर आणखी काय हवं? पिन काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी भरतात, कारण पिन कपाटामागं असते.

पण सामायिक इमारतीत याला आणखी एक बाजू आहे, ती पत्रकात येत नाही. आगीनंतर नवं वायरिंग करताना वायरमननं लेखकाला ती समजावली. नऊही घरांची अर्थिंगची तार एकच, ती खाली खड्ड्यात जाते. ही तार खड्ड्याजवळ तुटली तर वर सगळ्यांच्या कूलरचे पत्रे त्याच तारेनं एकमेकांना जोडलेले राहतात, फक्त जमिनीशी सुटतात. मग दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या पंपात बिघाड झाला तर करंट त्याच तारेनं पहिल्या मजल्यावरच्या, अगदी नव्याकोऱ्या कूलरच्या पत्र्यावरही येतो. तुमचा कूलर चांगला आहे, पिन तीन दांड्यांची आहे, तरी शॉक शेजाऱ्याचा. बिरसीच्या त्या इमारतीत खड्डा उकरला तेव्हा तार खरोखरच गंजून तुटलेली निघाली. किती उन्हाळे ती तशी होती, देव जाणे.

त्यावर उपाय दोन. खड्ड्यात कोळसा-मीठ नव्यानं भरून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालत राहायचं, कारण कोरडी जमीन करंट नीट ओढत नाही. आणि प्रत्येक घराच्या बोर्डात आरसीसीबी बसवायचं. लोक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे की. एमसीबी तार वाचवतं, माणूस नाही. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात लाइन तोडतं. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर लाइन गेली नाही तर ते नुसतं शोभेला आहे. किंमत साध्या कूलरहून कमी. मालकाशी यावरून भांडण होणार. लेखकाचंही झालं. शेवटी निम्मे पैसे भाडेकरूंनी घातले. न्याय झाला नाही, काम झालं.

गॅसबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेक जण ऐकून असतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, १९०६ला फोन करायचा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, पुढची तपासणी तोवर व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करता येतो. मेसवाल्या काकूंनी दोन परत केले. आणणारा पोरगा कुरकुरला आणि दुसरे घेऊन आला.

इमारत जुनी असेल तर पावसाळ्याआधी पिलर आणि गच्चीचा गिलावा बघायचा, हेही सांगायला हवं. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ला कोसळून सतरा जण गेले, तेव्हा तळमजल्यावर फेरफारांचं काम चाललेलं होतं. खालच्या दुकानदारानं भिंत पाडायला घेतली तर तो त्याचा खासगी मामला नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी करावी असं आहे. आगीच्या बाबतीत महाराष्ट्राचा २००६चा कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे तिथं आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. मोठ्या सोसायटीत राहणाऱ्यांनी सेक्रेटरीकडे ते बघायला मागावं. बिरसीतल्यासारख्या भाड्याच्या खोल्यांत कागद मागायला कोण येणार? तिथं आपणच आपले.

‘आपणच आपले’ कसं, हे मेकॅनिकनं दाखवलं. विमान उडण्याआधी शिकाऊ वैमानिक त्याच्याभोवती एक फेरी मारतो. चाक, पंख, बिजागऱ्या, इंधनाच्या टाकीचं झाकण, सगळं एका ठरल्या क्रमानं, नुसतं बघून नाही तर हात लावून. कालच बघितलं होतं, हे उत्तर तिथं चालत नाही. आणि ही माणसं उगाच काटेकोर नसतात. १८ मार्च २०२३ला बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघं गेली. ते गाव विसरलेलं नाही. धावपट्टीवर कुठंही काही झालं तर बंब तीन मिनिटांत पोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कुंपणाच्या अलीकडे, आपल्या इमारतीपर्यंत, बंब गोंदियाहून यायचा. मेकॅनिक म्हणाला, “त्याहीला तीन मिन्टं भेटतात, तरी फेरी मारतात. आपल्याले तर बाराच कोस वाटतात जी.” (अंतर बारा किलोमीटर आहे. कोस त्याचे.)

तेव्हापासून इमारतीत रविवारी सकाळी एक घर फेरी मारतं. आळीपाळीनं, खालून वर. मीटरच्या फळीजवळ हात नेऊन बघायचं, ऊब लागते का, जळका वास येतो का. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा. फळीखाली फरशी दिसली पाहिजे. आग विझवायचा लाल सिलिंडर, कोरड्या पावडरचा, पहिल्या मजल्यावर टांगलाय, त्याच्या काट्याचं टोक हिरव्यात आहे का बघायचं. ई-स्कूटर जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली नाही ना, हेही. गच्चीच्या दाराला आता कुलूप नाही, आतून कडी आहे. चॅनेल गेटची किल्ली गेटच्या आतच, हाताला लागेल पण बाहेरून पोचणार नाही अशा खिळ्यावर लाल फितीत अडकवलेली. चोराची भीती सगळ्यांनाच होती. मुनीम सर्वांत जास्त घाबरत होता. त्याला एका रात्री दिवे घालवून, डोळ्यांवर टॉवेल बांधून ती किल्ली शोधायला लावली. चौथ्या प्रयत्नात सापडली. मग खिळा वीतभर खाली आणला.

गेटशेजारी पत्र्यावर आकडे रंगवलेत. आगीला १०१, कशालाही ११२, वीज १९१२, रुग्णवाहिका १०८. शेवटचा आकडा आगीसाठी कमी आणि पावसाळ्यात मण्यारीसाठी जास्त लागतो. धानाच्या बांध्या इमारतीला लागून आहेत आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा चावल्याची खूणही दिसत नाही. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी. चावलीच तर दोरी आवळणं, चिरा पाडणं, बाबाकडे नेणं यात वेळ न घालवता सरळ दवाखाना. हा विषय वेगळा आहे, पण फेरीत जिन्याखाली बॅटरी मारताना दोनदा ती तिथंच दिसली म्हणून इथं आली.

वर्षातली मोठी फेरी १४ एप्रिलनंतरच्या रविवारी. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आणि पुढचा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. गोंदियात नेमके याच दिवसांत कूलर माळ्यावरून उतरतात. त्या रविवारी सगळे कूलर अंगणात मांडले जातात, वायरमन प्रत्येकाला टेस्टर लावतो आणि जुनं गवत तिथंच गोळा होऊन ट्रॉलीतून गावाबाहेर जातं.

गेल्या रविवारी फेरीची पाळी लेखकाची होती. मीटरच्या फळीखाली तांदळाचं एक पोतं आणि त्यावर घडी घातलेली प्लास्टिकची ताडपत्री. दुसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांचं. दार वाजवलं. आतून पोरगेलासा माणूस आला, गावाकडून आणलंय म्हणाला, घरात जागा नाही. “दोनच दिवस जी.”

लेखकानं पोत्याचं एक टोक धरलं, दुसरं त्याला धरायला सांगितलं. दोन मजले चढेपर्यंत दोघंही घामाघूम झाले. पोतं त्यांच्या पलंगाखाली बरोबर मावलं.